न्यांगाला जाताय? कुकर बरोबर घ्या

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत, वय ६६ आणि ६३. मुलगा दोन वर्षांपासून झिंबाब्वेत, हरारेला नोकरीला आहे. जुलैमध्ये महिनाभर त्याच्याकडे जाणार आहोत. व्हिक्टोरिया धबधबा ठरलाच आहे, पण मुलगा म्हणतो तीन दिवस न्यांगा राष्ट्रीय उद्यानातही राहू. ओळखीतल्या एकांचं म्हणणं, तिथे हत्ती नाहीत, सिंह नाहीत, आपल्या महाबळेश्वरासारखंच ते, कशाला पैसे घालवता. जावं का? थंडी किती असते? यांचे गुडघे दुखतात, आणि आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. *(एक वाचक, नाशिक)*

उत्तर : जरूर जा. मुलगा तीन दिवस म्हणतोय, त्यातला एकही कमी करू नका.

१९८८ ते १९९९ अशी अकरा वर्षं आम्ही हरारेत काढली. हे पाटबंधाऱ्याच्या कामावर होते, मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. शाळेला सुट्टी लागली की आमची गाडी पूर्वेच्या डोंगरांकडे निघायची. त्यामुळे न्यांगाबद्दल मला कुणी विचारलं की मी जरा जास्तच बोलते, ते समजून घ्या.

हत्ती-सिंह बघायचे असतील तर व्हिक्टोरिया धबधब्याच्या बाजूलाच ह्वांगेचं मोठं अरण्य आहे, ते तिकडे बघून घ्या. न्यांगाला कुणी त्यासाठी जात नाही. तिथे कुडू जातीची हरणं, झेब्रे, पाणहरणं दिसतात. बिबट्या आहे, पण तो दिसत नाही. न्यांगाला जायचं ते चालायला, धबधबे बघायला आणि संध्याकाळी शेकोटीपुढे बसायला. अर्ध्या दिवसात गाडीतून फिरून आलात तर तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं तुम्हालाही खरं वाटेल. म्हणून तर तीन दिवस.

महाबळेश्वराचं म्हणाल, तर ते साधारण १,३७० मीटर उंचीवर आहे. हरारे शहरच त्याहून उंच, सुमारे १,४९० मीटरवर. न्यांगाच्या उद्यानातली राहायची घरं त्याच्याही तीन-चारशे मीटर वर. पण खरा फरक उंचीचा नाही. महाबळेश्वर म्हणजे दाट झाडी. न्यांगा म्हणजे गवत. मैलोन् मैल लाटांसारखं पसरलेलं, जुलैत पिकलेल्या गव्हाच्या रंगाचं, मधूनमधून काळे-करडे खडक डोकं वर काढून बसलेले. जी सुरूसारखी उंच झाडं रस्त्याच्या कडेला दिसतील ती पाइनची, आणि बारीक पानांची ती वॅटल. दोन्ही बाहेरून आणून लावलेली. ती आता आपोआप पसरतात आणि मूळचं गवताळ रान खातात. तिथल्या लोकांना याची काळजी आहे आणि ती रास्त आहे. निळी पाकोळी नावाचा दुर्मीळ पक्षी याच गवताच्या आधारानं घरटं करतो. तो उन्हाळ्यात येतो, जुलैत तुम्हाला दिसणार नाही.

थंडी. जुलै म्हणजे तिथला ऐन हिवाळा. दुपारी ऊन चांगलं चटचटीत असतं, एका स्वेटरवर भागतं. पण सूर्य साडेपाचलाच मावळतो आणि मग पंधरा मिनिटांत हवा बदलते. रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. सकाळी गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं असतं, त्यावरून चाललं की पायाखाली करकर वाजतं. लोकरीचे जाड पायमोजे, कानटोपी, यांच्यासाठी गुडघ्यांचे लोकरी पट्टे, एवढं नक्की न्या. घरात शेकोटीची जागा असते. लाकडं अंधार पडायच्या आत आणून ठेवा. आणि एक लक्षात ठेवा, आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला असतो, त्यामुळे हिवाळ्यात ऊन उत्तरेकडून येतं. घर निवडता आलं तर उत्तरेला ओटा असलेलं घ्या. सकाळचा चहा त्या ओट्यावर बसून प्यालात की गुडघ्यांनाही बरं वाटेल.

उद्यानाची घरं रोड्स धरण, उडू धरण आणि मारे धरण अशा तीन ठिकाणी आहेत. धरणं म्हणजे छोटी तळी. त्यात ट्राउट मासे सोडलेले आहेत. स्वयंपाक आपला आपण करायचा, ही शाकाहारी माणसासाठी मोठी सोय. डाळ-तांदूळ, मसाले हरारेतूनच घ्या. तिथे गुजराती दुकानं पिढ्यान् पिढ्यांची आहेत, तुरीच्या डाळीपासून हिंगापर्यंत सगळं मिळतं. पण कुकर विसरू नका. एवढ्या उंचीवर पाणी सुमारे ९४ अंशांनाच उकळतं. आमच्या पहिल्या खेपेला मी पातेल्यात तूरडाळ लावली होती. दीड तास झाला तरी दाणा दाताखाली कचकच करायचा. शेवटी आमच्या मुलाला, निखिलला, तेव्हा तो पाच वर्षांचा होता, बटाटे भाजून दिले आणि निजवलं. पुढच्या वेळेपासून कुकर गाडीत सगळ्यात आधी चढायचा.

बटाट्यांवरून आठवलं. रुसापेला मुख्य रस्ता सोडून न्यांगाकडे वळलात की जुलियसडेलच्या आसपास रस्त्याच्या कडेला बायका बटाटे आणि सफरचंदं विकायला बसतात. घ्या. आणि कुणी जेवायला बोलावलं तर ‘मुरीवो उने दोवी’ आहे का विचारा. मुरीवो म्हणजे पालेभाजी, दोवी म्हणजे दाण्याचं लोणी. आपण शेंगदाण्याचं कूट घालून पातळभाजी करतो ना, तिची अगदी सख्खी बहीण. बरोबर सादझा असतो, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. हातानं गोळा मोडायचा, अंगठ्यानं खळगा करायचा आणि भाजी उचलायची. यांना सांगा, चमचा मागू नका.

आता गुडघे. मुताराझी धबधबा ७६२ मीटर उंच आहे, झिंबाब्वेतला सर्वांत उंच. जुलैत धार बारीक असते, पण ती जिथून सुटते त्या कड्याच्या काठावर उभं राहिलं की खाली होंडेचं खोरं, त्यातले चहाचे हिरवे चौकोन आणि त्यापलीकडे मोझांबिककडचे डोंगर दिसतात. वाहनतळापासून थोडं चालावं लागतं, हळूहळू होईल. तिथे आता दरीवर झुलते पूल टाकलेत. त्यावर मुलाला जाऊ द्या. पुंग्वेची दरी आणि ‘वर्ल्ड्स व्ह्यू’चा कडा या दोन्हींना गाडी जवळपर्यंत जाते. होंडेच्या खोऱ्यात उतरणार असाल तर मलेरियाच्या गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. वर डोंगरात थंडीमुळे डासांचा त्रास फारसा नाही, खाली आहे.

हरारेपासून अंतर साधारण २७० किलोमीटर. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या हातानं चालतात. सकाळी लवकर निघा म्हणजे उजेडात पोचाल. अंधारात रस्त्यावर गुरं येतात. अमेरिकन डॉलरच्या लहान नोटा जवळ ठेवा, सुट्टे परत मिळत नाहीत.

एक रात्र आठवणीनं बाहेर या, गरम कपडे घालून. जुलैच्या मध्यात रात्री नऊच्या सुमाराला वृश्चिक रास थेट डोक्यावर असते. आपल्याकडे ती दक्षिणेला क्षितिजावर कलंडलेली बघायची सवय. तिथे अनुराधा, ज्येष्ठा, मूळ सगळा विंचू नांगीसकट माथ्यावर पसरलेला, आणि आकाश इतकं काळं की मधला आकाशगंगेचा पट्टा उजेडासारखा दिसतो. ध्रुवतारा मात्र शोधू नका, तो तिथून दिसतच नाही.

आणि शोना भाषेतला एक नमस्कार शिकून जा. सकाळी समोरचा म्हणतो, ‘मांग्वानानी, मारारा सेई?’ म्हणजे झोप कशी झाली? त्याचं उत्तर, ‘न्दारारा काना मारारावो.’ तुम्ही झोपला असाल तर मीही झोपले. हे म्हणायला मला पहिल्या वर्षी शाळेतल्या शिपाईबाईंनी शिकवलं. त्या मला नावानं कधीच हाक मारायच्या नाहीत, ‘माय निखिल’ म्हणायच्या. पहिल्या मुलाच्या नावावरून बाईला ओळखायचं, आपल्या वाड्यातल्या ‘निखिलच्या आई’सारखं. माय म्हणजे तिथेही आईच. तुम्हालाही तुमच्या मुलाच्या शेजारणी अशीच हाक मारतील, तेव्हा ओ द्या.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे, सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, कळसूबाई सात वेळा. ऑगस्टमध्ये कंपनीच्या कामासाठी हरारेला जातोय, शनिवार-रविवार न्यांगानी शिखर चढायचा विचार आहे. इंटरनेटवर वाचलं की या डोंगरावर माणसं गायब होतात. हे खरं की अफवा? एकट्यानं गेलं तर चालेल का? *(एक वाचक, ठाणे)*

उत्तर : एकट्यानं जाऊ नका. हे मी पहिल्याच वाक्यात लिहिते, बाकीचं तुम्ही वाचाल न वाचाल.

न्यांगानी २,५९२ मीटर उंच आहे, देशातलं सर्वोच्च शिखर. कळसूबाई १,६४६. पण आकड्यावर जाऊ नका. चढ पायथ्यापासून दोन-तीन तासांचा, तुमच्यासारख्याला सहज जमेल असा. आणि धोका नेमका तिथेच आहे. सोपा वाटतो म्हणून लोक उशिरा निघतात, पातळ कपड्यात जातात, वाटाड्या घेत नाहीत. आमचंही तेच झालं.

१९९४ चा ऑगस्ट. निखिल नऊ वर्षांचा. नाश्ता, आवराआवर करता करता निघायला अकरा वाजले. आकाश निळंभोर. वर चढताना वाळकी, कागदासारखी करकरीत पिवळी-पांढरी फुलं लागली, निखिल ती गोळा करत होता. चढ संपला की वर सपाट पठार येतं, कुठे पाणथळ, कुठे खडक, खूण म्हणून रचलेल्या दगडांच्या लहान लहान राशी. शिखर समोर दिसत होतं. तेवढ्यात आग्नेयेकडून गुती आली.

गुती हा तिथला शब्द. धुकं आणि झिमझिम यांच्या मधलं काहीतरी, पूर्वेच्या डोंगरात वारा फिरला की येतं. आपल्या घाटातल्या धुक्यासारखं हळूहळू चढत नाही. दार लावावं तसं बंद होतं. पुढच्या दगडांची रास दिसेना. निखिलच्या लोकरीच्या टोपीवर एकेका धाग्याच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला, एवढंच मला स्वच्छ दिसत होतं. हे म्हणाले, डावीकडून उतार लागतोय, खाली उतरू. मला वाटत होतं, तो उतार पूर्वेचा आहे. पूर्वेला हा डोंगर होंडेच्या बाजूला कड्यांनी तुटतो. आमच्यात तिथे चांगलाच वाद झाला. शेवटी मी ओढणी काढली, एक टोक निखिलच्या मनगटाला बांधलं, एक माझ्या, आणि त्या दगडांच्या राशीला टेकून बसले. हेही बसले. दशम्या होत्या, त्या खाल्ल्या. दीड तास गेला. हात इतके बधिर झाले होते की डब्याचं झाकण लावता येईना. मग वारा पडला, पडदा थोडा फाटला, पुढची रास दिसली. एकजण राशीजवळ उभा, दुसरा पुढची शोधणार, सापडली की हाक, असं करत उतरलो. पायथ्याशी पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. खाली आल्यावर उलगडा झाला: यांना जो उतार सापडला होता तो पूर्वेचाच होता.

तर अफवा नाही. १९८१ मध्ये दोन मुली या डोंगरावर हरवल्या. जानेवारी २०१४ मध्ये एक तरुण हरवला, फार मोठा शोध झाला. कुणीच सापडलं नाही. पठारावर ठळक खुणा नाहीत, पाणथळ आहे, अरुंद घळी आहेत, पूर्वेला कडे आहेत, आणि ओल्या कपड्यात रात्र काढायची म्हणजे गारठून जीव जाऊ शकतो. मला यात कारणं पुरेशी दिसतात.

तिथल्या लोकांसाठी मात्र हा डोंगर पवित्र आहे. वर जाताना आरडाओरडा करायचा नाही, डोंगराची टिंगल करायची नाही, काही विचित्र दिसलं, विचित्र रंगाचा साप असो की आणखी काही, तर त्यावर बोलायचं नाही, गुपचूप पुढे जायचं. हे नियम पाळा. देवळात चपला बाहेर काढतो तसेच पाळा, पटण्या-न पटण्याचा प्रश्न नाही. ही माणसं या जमिनीशी किती घट्ट बांधलेली आहेत हे समजायला एकच उदाहरण देते. न्यांगानीच्या उत्तरेला गायरेझी नदीच्या काठी तांग्वेना लोक राहतात. गोऱ्या राजवटीनं त्यांना ‘ही जमीन आता तुमची नाही’ असं सांगून १९६९ मध्ये झोपड्या पाडल्या. त्यांचे प्रमुख रेकायी तांग्वेना हटले नाहीत. लोकांना घेऊन डोंगरात राहिले, पुन्हा झोपड्या उभारल्या. १९७५ मध्ये स्वातंत्र्यलढ्यातले नेते रॉबर्ट मुगाबे आणि एडगर टेकेरे यांना याच डोंगरांतून मोझांबिकमध्ये पोचवलं ते त्यांनीच. अशा मुलखात आपण पाहुणे आहोत.

तुमच्यासाठी एवढंच: पायथ्याच्या कचेरीत नाव नोंदवा आणि उतरल्यावर परतलो म्हणून सांगा. वाटाड्या घ्या. सकाळी सातला चढायला लागा. वाऱ्यापावसाचं जॅकेट, लोकरीचा थर, शिट्टी, बॅटरी, दिवसभराहून जास्तीचं खाणं. गुती आली तर जिथे असाल तिथे थांबा. शिखर शंभर पावलांवर असलं तरी थांबा.

प्रश्न : माझ्या भावानं न्यांगाहून फोटो पाठवले. डोंगरउतारावर दगडांनी बांधलेले गोल खोल खड्डे आहेत, आत जायला बुटका भुयारी रस्ता. बरोबरच्या माणसानं सांगितलं की हे ‘गुलामांचे खड्डे’, त्यात गुलाम कोंडायचे. हे खरं आहे का? मी शाळेत इतिहास शिकवते, मुलांना सांगण्याआधी खात्री करावी म्हटलं. *(एक वाचक, गुहागर)*

उत्तर : तुम्ही विचारलंत, फार बरं केलंत. खरं नाही. ‘गुलामांचे खड्डे’ हे नाव गोऱ्या वसाहतवाल्यांनी दिलेलं, आणि ते दुर्दैवानं अजून जिभेवर आहे.

ते गोठे आहेत. १९९० च्या दशकात झिंबाब्वे विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट सोपर यांनी न्यांगात बरंच उत्खनन केलं, त्यातून चित्र स्पष्ट झालं. या लोकांकडे अगदी बुटकी गुरं होती, खांद्यापाशी जेमतेम मीटरभर उंच. म्हणून भुयारही तेवढंच बुटकं. खड्ड्याच्या काठावर घरं, आणि भुयाराच्या बरोबर वर एक घर. त्या घराच्या जमिनीत फट ठेवलेली असे. रात्री गुरं आत गेली की वरून वासे खाली सोडायचे, भुयार बंद. चोर आला तरी त्याला मालकाच्या अंथरुणाखालूनच जावं लागणार. खड्ड्याच्या तळाला मोरी असते, शेणपाणी वाहून खालच्या परड्यात जायला.

तुम्ही गुहागरच्या, तुम्हाला हे बांधकाम मी वेगळं समजावायला नको. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवत नेलेला. आपला गडगाच तो. उद्यानात एक खड्डा नीट डागडुजी करून ठेवलाय, त्यात मी ओणवी होऊन शिरले आहे. मधोमध भुयार वाकतं, तिथे पूर्ण काळोख होतो. हात भिंतीला लावत जायचं. एक दगड माझ्या तळहाताला अगदी गुळगुळीत लागला, कमरेच्या उंचीला. आजूबाजूचे सगळे खरखरीत. पिढ्यान् पिढ्या गुरांची अंगं घासून तो तसा झाला असेल असं मला वाटलं. पुढच्या खेपेला निखिललाही तो दाखवला.

खड्डे हा एक भाग. या लोकांनी, साधारण चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत, डोंगरउतारांवर दगडी बांध घालून हजारो चौरस किलोमीटरच्या मुलखात शेतीच्या पायऱ्या केल्या. उद्यानाबाहेर झिवा इथे त्या सर्वांत चांगल्या दिसतात, छोटं संग्रहालयही आहे. झिवाला जागोजाग धान्य दळायचे दगड पडलेले आहेत, मधे घासून घासून खळगा झालेले. मुलांना हे सांगा: दगड वेचले म्हणजे जमीन मोकळी झाली, त्याच दगडांचा बांध झाला, बांधानं माती धरली. तीनही कामं एका फेरीत. तुमच्याकडच्या वरकस जमिनीवर आजोबा-पणजोबांनी हेच केलं.

आणि पीकही ओळखीचं. ज्वारी, बाजरी आणि ‘रुकवेझा’. मी न्यांगाच्या बाजारात पहिल्यांदा रुकवेझा बघितलं तेव्हा म्हातारीपुढच्या पोत्यात हात घातला आणि तसाच ठेवला. तांबूस, मोहरीएवढा दाणा. नाचणी! ती मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखातलीच, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. म्हातारीनं पत्र्याच्या मगानं मोजून दिली, मग वर एक मूठ घातली. मी पैसे दिले तेव्हा तिनं दोन्ही तळहात पोकळ करून हलकेच टाळी वाजवली, तिथल्या बायका आभार असेच मानतात. मला तेव्हा ती रीत नीट येत नव्हती, मी हात जोडले.

तुमचा भाऊ अजून तिकडे असेल तर त्याला सांगा, बाजारात रुकवेझाचं पीठ मागून बघ. पाण्याला आधण आणायचं, मीठ घालायचं, उकड काढून चांगली मळायची. भाकरी फुटत नाही. मी उडू धरणाच्या घरात, शेकोटीच्या निखाऱ्यावर पालथी कढई ठेवून केलेली आहे.